लॅपटॉप घरी ठेवा राजेहो, टॅब्लेट आणा!

लॅपटॉप काहून उचलता बे? दीड-दोन किलोचं ओझं, वरून चार्जरची वीट. मोठ्या माणसानं कसं, बगलेत चपटा टॅब्लेट मारून हात हलवत यायचं. मागच्या शनिवारी वर्धा रोडवरच्या एका हॉलमधे आमच्याकडे असेच एक साहेब प्रेझेंटेशन द्यायला आले होते. त्यांच्याकडून जे शिकलो ते तुम्हाला फुकटात सांगून राहिलो.

आधी येऊन प्रोजेक्टरला वायर लावून बघायची नाही. अकराचा कार्यक्रम असला की सव्वाअकराला यायचं. आधी येते तो माइकवाला, तुम्ही पाहुणे.

टॅब्लेट प्रोजेक्टरला जोडायचा अडॅप्टर आणायचा नाही. "कोणाजवळ आहे का हो?" असं माइकवरून विचारायचं, चाळीस लोकं बॅगा चाचपतात.

टॅब्लेट गाडीत डॅशबोर्डवर ठेवायचा. आयपॅड ३५ अंशापर्यंतच्या हवेत वापरा म्हणून कंपनी सांगते, पण कंपनीनं मे महिन्यातलं नागपूर कुठं पाहिलं?

आणि टाइप-सीचं भोक दिसलं की समजायचं सगळं चालते. आता भोक सारखंच असलं तरी आतला माल वेगळा असते, बऱ्याच स्वस्त टॅब्लेटमधे त्या भोकातून चार्जिंग होते, फाइल जाते, पण चित्र बाहेर निघतच नाही, त्याला डिस्प्लेपोर्ट आल्ट मोड म्हणतात तो असला पाहिजे, नसला तर साधा अडॅप्टर सोन्याचा आणून लावा, प्रोजेक्टरवर निळा पडदा आणि 'नो सिग्नल'. मी माझा अडॅप्टर दिला, नाही चाललं, हे सगळं समजावून सांगितलं. साहेब म्हणे, "घरच्या टीव्हीवर तर मस्त दिसते." अहो घरी ते वायफायवरून दिसते! इथं प्रोजेक्टरला वायफायच नाही! तर म्हणे, "तुझाच अडॅप्टर खराब आहे." माझा! ज्याच्यावर मी दोन वर्षं रोज काम करून राहिलो तो! मग ऑफिसातल्या पोराला भर उन्हात अ‍ॅक्टिव्हावर बर्डीच्या बाजारात पिटाळलं नवीन आणायला, पोरगं दुपट्टा बांधून गेलं, पाऊण तासानं लाल तोंडानं परत आलं, नवा अडॅप्टर लावला, आणि पडद्यावर काय? नो सिग्नल. तेव्हा साहेब पोराकडे असे पाहून राहिले जसं त्यानंच रस्त्यात सिग्नल सांडवला. पोराला पाणी प्यायला सांगायचंही कोणाला सुचलं नाही. पैसे मीच दिले, ते जाऊ द्या.

एवढ्या वेळात लोकांनी दोनदा चहा घेतला, तर्री पोहे संपले, मागच्या रांगेतले दोघं कूलरसमोर झोपले.

फॉन्टची काळजी तर करूच नका. शेवटी फाइल व्हॉट्सॲपवरून माझ्या लॅपटॉपवर घेतली (हो, त्याच ओझ्यावर), तर मराठी सगळं कृतिदेवमधलं. माझ्याकडे तो फॉन्ट नाही, त्यामुळं 'पाणी' च्या जागी इंग्रजी अक्षरं न् टिंबं. पीडीएफ करून आणली असती तर फॉन्ट आतच बसून येते, दोन मिनिटांचं काम आहे. पण नाही. साहेबांनी ते टिंबंच चाळीस मिनिटं समजावले.

माझा नंबर त्यांच्यानंतर होता. तीन रात्री जागून बावीस स्लाइड केल्या होत्या. आयोजक येऊन कानात म्हणाले, "भाऊ, पाच मिनिटात आवर, जेवणं थंड होऊन राहिली."

काही आवरबिवर नाही! साहेब, तुमचा वेळ वेळ, आणि आमचा काय नाग नदीत वाहून आला का? टॅब्लेट आणा, दोन आणा, माझं काही म्हणणं नाही. पण अर्धा तास आधी येऊन वायर खुपसून बघायला काय जाते तुमचं? पेनड्राइव्हमधे एक पीडीएफ टाकून आणायला हात दुखतात का? स्वतःचं नीट चालत नाही आणि वरून दुसऱ्याच्या सामानाला खराब म्हणता, लाज वाटली पाहिजे थोडी.

आणि हो, निघताना तुमच्या टॅब्लेटसोबत माझा तो 'खराब' अडॅप्टर तुमच्या बॅगेत गेला आहे. परत पाठवा. सोमवारी माझं प्रेझेंटेशन आहे.