झाकण गंजलं म्हणून बिअर मोरीत ओतू नका

जपून ठेवलेल्या बेल्जियन बिअरच्या बाटल्यांबद्दल एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. झाकणाला गंज दिसला म्हणजे सील गेलं. गंज आत उतरतो आणि बिअर विषारी होते. ती प्यायल्याने धनुर्वात होतो. आणि बाटली आडवी ठेवली असती तर गंज लागलाच नसता. हे वाचून लोक वेस्टव्लेटरन १२, रोशफोर १० यांसारख्या, वर्षानुवर्षं मुरू शकणाऱ्या बिअर फेकून देतात, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी सील. हे झाकण म्हणजे मुलं खेळायला जमवतात तो बिल्ला. १८९२ साली बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने त्याचं पेटंट घेतलं. आजचं झाकण पाव मिलिमीटरहूनही पातळ पोलादी पत्र्याचं असतं. त्यावर कथलाचा (कल्हईतला तोच धातू) किंवा क्रोमियमचा थर आणि वरून लॅकर. पत्र्यातून चकती कापली की कडेला पोलाद उघडं पडतं, आणि ही कड म्हणजेच झाकणाच्या २१ दातांची टोकं. बाटलीवर झाकण दाबताना दातांवरचं लॅकर चिरतं. बाटली बाहेरून धुतात तेव्हाचं पाणी दात आणि काच यांच्या फटीत अडकतं. गंज धरतो तो इथे, बाहेरच्या ओलाव्याने. सील इथे नसतंच. ते वरती असतं, बाटलीच्या काठावर घट्ट दाबून बसलेल्या प्लास्टिकच्या वायसरमध्ये. दातांचं काम वायसर दाबून धरायचं, आणि नुसता तांबूस रंग चढल्याने त्यांची पकड सुटत नाही.

पकड कधीच सुटत नाही असंही नाही. पत्र्याला भोक पडलं किंवा दात नखाने तुटण्याइतके खाल्ले गेले, तर सील जाऊ शकतं. ते ओळखायच्या खुणा वेगळ्या आहेत. मानेवरून खाली आलेला चिकट, वाळलेला ओघळ. त्याच खेपेतल्या इतर बाटल्यांपेक्षा खाली गेलेली पातळी. उघडताना फुस्स आवाज न येणं. आणि सगळ्यात भरवशाची खूण झाकण काढल्यावर दिसते: ते उलटं करून वायसर पाहा. काठाचा गोल वळ स्पष्ट उमटलेला आणि वळाच्या आतली जागा स्वच्छ, तर सील शाबूत होतं. गंजाची रेघ वळ ओलांडून आत गेली असेल, तर ती बाटली सोडून द्या.

दुसरा मुद्दा विषाचा. गंज म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड. काठावरची चिमूटभर भुकटी विषारी नाही, पण चव नक्की बिघडवते. ‘बिअर लोखंडासारखी लागते’ ही तक्रार खरी असते, फक्त गंज बाटलीत उतरलेला नसतो. ओतताना बिअर काठावरच्या गंजावरून वाहते आणि तो सोबत नेते. उपाय दोन मिनिटांचा आहे. उघडण्याआधी ओल्या फडक्याने मान आणि झाकण पुसा. गंजलेलं झाकण काचेला चिकटलेलं असतं, एका झटक्यात उचकटलं तर काठाचा टवका उडू शकतो. ओपनर तीन-चार बाजूंनी लावत थोडं थोडं उचला. झाकण निघालं की काठावर तपकिरी कडं दिसेल. स्वच्छ फडकं पिण्याच्या पाण्यात किंवा व्होडकात भिजवून ते आतून बाहेर पुसा, फडक्यावर रंग उतरेनासा होईपर्यंत. मग ग्लासात ओता. अशी बाटली तोंडाला लावू नका.

धनुर्वाताचं तर काहीच्या काही आहे. त्याचे जंतू मातीत असतात आणि जखमेतून शिरतात, पिण्यातून नाही. गंजलेल्या दाताने बोट कापलं तर जखम धुवा आणि इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. बिअरचा त्यात काही दोष नाही.

आडवी ठेवायचा सल्ला वाइनच्या बुचावरून उचललेला आहे. बूच वाळू नये म्हणून ती बाटली आडवी ठेवतात. नुसतं पत्र्याचं झाकण असेल तर बाटली उभीच हवी: यीस्टचा गाळ तळाशी बसतो आणि बिअर वायसरला लागत नाही. बाहेरच्या गंजाला आडव्या-उभ्याने फरक पडत नाही. ब्रसेल्सच्या काँतियों ब्रुअरीची ग्यूझ ही आंबट बिअर मात्र वेगळी. तिच्या मोठ्या बाटलीत आत बूच आणि वर झाकण असतं, ती तळघरात आडवीच रचतात. तिथे झाकण कितीही गंजलं तरी खरा आडोसा बुचाचा. झाकण काढा, बुचाचा माथा आणि काठ पुसा, मगच स्क्रू घाला.

मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यातला दमटपणा आणि समुद्राची खारी हवा मिळून गंज झपाट्याने वाढतो. नुसत्या झाकणाच्या बाटलीला १० ते १३ अंश तापमान आणि ५०-६० टक्के आर्द्रता पुरते. फ्रिजमध्ये ओलसर पुठ्ठा झाकणाला टेकू देऊ नका. बाटली बाहेर काढायची तर आधी हवाबंद पिशवीत घाला आणि तापमान सारखं झाल्यावरच पिशवी उघडा, म्हणजे झाकणावर दव धरत नाही. वितळलेल्या मेणात झाकण बुडवायचं असेल तर ते आधी पूर्ण कोरडं करा, नाहीतर ओल आत कोंडून गंज मेणाखाली वाढत राहतो.

काळजी करायचीच तर वायसरची करा. आत कितीही दाब असला तरी त्यातून ऑक्सिजन हळूहळू शिरतोच, झाकण चकचकीत असलं तरीही, आणि गरम खोलीत बिअर त्याने लवकर उतरते. वासही शिरतात, म्हणून डांबराच्या गोळ्यांच्या कपाटात बाटल्या ठेवू नका. आणि वेस्टव्लेटरनच्या बाटलीवर कित्येक वर्षं लेबलच नसायचं, ओळख आणि तारीख पिवळ्या झाकणावरच. गंजाने ती खाण्याआधी झाकणाचा फोटो काढून ठेवा.