दूरच्या सर्व्हरचा इंटरफेस असा बंद करू नका

‘नेट अडकलं? दोन कमांड पुरे’ असा मेसेज फिरतोय. लिनक्सवर ‘आयपी लिंक सेट डेव्ह ईटीएच0 डाउन’ देऊन इंटरफेस, म्हणजे मशीनची नेटवर्क जोडणी, बंद करा, मग ‘डाउन’च्या जागी ‘अप’ लावून तीच पुन्हा द्या, सगळं जसंच्या तसं परत येतं. दूरच्या सर्व्हरवरही बिनधास्त चालतं. त्यात असंही आहे की बंद केलेला इंटरफेस रीबूटनंतरही बंदच राहतो आणि ‘इफकॉन्फिग’ ही जुनी कमांड तर आता चालतच नाही. काल माझ्या धाकट्या भावाने हे वाचून एसएसएचवरून, म्हणजे दूरच्या मशीनवर कमांड द्यायच्या जोडणीवरून, पहिली कमांड दिली. दुसरी द्यायची वेळच आली नाही.

येणार कशी? ज्या इंटरफेसवरून तुम्ही आत आलात, तोच तुम्ही बंद केलात. पुढचं अक्षर सर्व्हरपर्यंत पोचणार कुठून? भाऊ म्हणाला, दोन्ही एका ओळीत दिल्या असत्या तर? तेवढं खरं आहे: शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) सर्व्हरवर चालतो, त्यामुळे ‘अप’ होईल. पण ‘जसंच्या तसं’ नाही. डाउन होताना कर्नल (लिनक्सचा गाभा) त्या इंटरफेसवरचे आयपीव्ही4 रूट, म्हणजे डेटा कुठल्या वाटेने पाठवायचा याच्या नोंदी, काढून टाकतो. अप केल्यावर आपल्या सबनेटचा (जवळच्या नेटवर्कचा) रूट येतो, हाताने घातलेला डिफॉल्ट रूट (बाहेरच्या नेटकडे जाणारी वाट) येत नाही. म्हणजे शेजारच्या मशीनला सर्व्हर दिसतो आणि बाहेरून तुम्ही तसेच ताटकळत. आयपीव्ही6चं, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्यांचं, त्याहून वाईट. कर्नलच्याच दस्तऐवजात ‘कीप ॲड्र ऑन डाउन’ नावाची सेटिंग आहे, ती मुळात 0 असते. म्हणजे हाताने दिलेले ग्लोबल पत्तेसुद्धा पुसले जातात. नेटवर्कमॅनेजरसारखं नेटवर्कची सेटिंग सांभाळणारं काही मागे असेल तर ते हे पुन्हा बसवू शकतं, पण तुमच्या सर्व्हरवर ते आहे का, हे आधी बघा.

इफकॉन्फिगचं एका वाक्यात: त्याचं मॅन पेजच त्याला कालबाह्य म्हणतं, पण नेट-टूल्स पॅकेज टाकलं की ते चालतं.

रीबूटचा मुद्दा विंडोजपुरता बरोबर आहे. तिथे ‘नेटशेल’ने बंद केलेलं ॲडॉप्टर रीबूटनंतरही बंदच राहतं. लिनक्सवर या कमांडने केलेला बदल चालू कर्नलपुरताच असतो. म्हणून दूरच्या मशीनवर इंटरफेसला हात लावायचाच असेल आणि रीबूट परवडणार असेल, तर आधी ‘शटडाउन -आर +5’ द्या. अडकलात तर पाच मिनिटांनी मशीन उठताना साठवलेली सेटिंग पुन्हा लागते. सगळं नीट झालं तर ‘शटडाउन -सी’ देऊन रीबूट रद्द करा.