‘नेटवर सगळे सारखे’? सोलापुरातले ग्रुप उघडून बघा

‘स्वस्त नेट आलं आणि मोबाइलवर तरी गरीब-श्रीमंत भेद संपला. कारखानदार आणि कामगार एकाच ग्रुपमध्ये, कुणीही कुणालाही रिक्वेस्ट पाठवतो, झोपडीतल्या पोराची रीलही गाजते.’ अशा आशयाचा मजकूर सतत फिरत असतो. त्यातला एकेक दावा घेऊ.

कारखानदार-कामगार एका ग्रुपमध्ये असतात, हे खरं. पण व्हॉट्सअ‍ॅपवर 2018 पासून ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतील’ अशी सोय आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याने ती चालू केली, की पाळी, सुट्टी, बोनस एवढंच वरून खाली येतं. कामगाराला उत्तर देता येत नाही. सगळ्यांना लिहिता येतं अशा ग्रुपमध्येही सदस्यांची यादी उघडा. ज्यांच्या नावाआधी ‘~’ दिसतं, त्यांचा नंबर तुमच्याकडे सेव्ह नाही. याचा परिणाम मोठा आहे. स्टेटस दिसायला दोघांकडे एकमेकांचे नंबर सेव्ह असावे लागतात. ‘अकाउंटंट पाहिजे’ हे होटगी रोडवरच्या मालकाने स्टेटसला टाकलं, तर ते त्याच्या ओळखीच्या घरांत पोचतं. पूर्व भागातल्या विडी कामगार बाईची बी.कॉम. झालेली मुलगी त्याच ग्रुपमध्ये असली तरी तिला ते दिसत नाही.

रिक्वेस्ट कुणालाही पाठवता येते, पण फेसबुक समोर आणतं ते समाईक मित्र, शाळा-कॉलेज आणि फोनमधले नंबर यांवरून. म्हणजे आधीच्या ओळखीतूनच पुढची ओळख. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 7.22 कोटी फेसबुक वापरकर्त्यांच्या मैत्र्या तपासल्या. निष्कर्ष 2022 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापले. आर्थिकदृष्ट्या खालच्या अर्ध्या भागातल्यांचे 38.8 टक्के मित्र वरच्या अर्ध्यातले. वरच्यांचे मात्र 70.6 टक्के मित्र वरचेच. साधारण निम्मी दरी शाळा, वस्ती वेगळी असल्याने. उरलेली निम्मी एकत्र असूनही मैत्री न झाल्याने. मोठ्या शाळांत हे दुसरं कारण जास्त जाणवलं. आकडे तिकडचे आहेत, पण मित्र सुचवण्याची यंत्रणा इकडेही तीच. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपच्या कमाल मर्यादेएवढा, 1,024 जणांचा ग्रुप काढून ओळखी वाढतील, या भरवशावर राहू नये.

डेटा 2016 मध्ये जिओ आल्यावर स्वस्त झाला, यात वाद नाही. मात्र 28 दिवसांचा रिचार्ज वर्षात 13 वेळा मारावा लागतो. जुलै 2024 मध्ये जिओचा रोज दीड जीबीचा 239 रुपयांचा प्लॅन 299 झाला. वर्षाचे 3,887 रुपये. दिवसाचा डेटा संपला की वेग 64 केबीपीएसवर येतो: मेसेज जातो, व्हिडिओ अडतो. सगळ्यात वाईट म्हणजे रिचार्ज थांबणं. 90 दिवस वापर नाही आणि खात्यात 20 रुपयेही नाहीत, तर नंबर बंद होऊ शकतो. पुढे तो दुसऱ्याला मिळाला आणि त्याने व्हॉट्सअ‍ॅप सुरू केलं, की पहिल्याचं खातं त्या नंबरवरून सुटतं. नवा नंबर सांगायचा कुणाला?

रील अनोळखी लोकांपर्यंत जाते, हे मान्य. टिकटॉकवर 29 जून 2020 रोजी बंदी येईपर्यंत गरीब घरांतली पोरं तिथे खूप गाजली. पण व्ह्यूमधून कुणाचा नंबर हाती लागत नाही.

कारखानदारांना हे आजच बदलता येईल. रिकामी जागा स्टेटसऐवजी कामगारांच्या ग्रुपमध्ये टाका, पगार आणि शिक्षणाची अट लिहा, संपर्काला नंबर द्या, आणि तेवढे दोन दिवस तरी ‘फक्त अ‍ॅडमिन’ बंद ठेवा.