फिरतं रेस्टॉरंट आणि सुकी सुंगटां

गोव्यातल्या झुआरी नदीच्या पुलावर १२५ मीटर उंचीचे दोन मनोरे, वर प्रेक्षक गॅलरी, फिरतं रेस्टॉरंट, खर्च सुमारे २७० कोटी. हे जाहीर झाल्यापासून आमच्या ऑफिसात चहाला दुसरा विषय नाही. आयफेल टॉवरसारखं होणार म्हणे. होऊ दे. पण मी फिरत्या रेस्टॉरंटात जेवलेला माणूस आहे, तेव्हा दोन शब्द बोलतोच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही फोंड्याहून गिरगावात मामाकडे गेलो होतो. मामाला बोनस मिळाला होता, म्हणून तो आम्हाला मरीन ड्राइव्हजवळच्या एका हॉटेलच्या माथ्यावर घेऊन गेला. जेवून पुढे दादरला मावशीकडे जायचं होतं, त्यामुळे आईच्या हातात तिच्यासाठी आणलेली पिशवी. ती तिने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

आता गंमत अशी की या रेस्टॉरंटात सगळं फिरत नाही. मधला गाभा, म्हणजे लिफ्ट आणि जिना, जागच्या जागी. बाहेरची भिंत आणि काचाही जागच्या जागी. फिरतो तो फक्त टेबलांखालचा जमिनीचा गोल पट्टा, रुळांवर, लहानशा मोटरीने. इतका सावकाश की सूप हलत नाही. दिल्लीच्या 'परिक्रमा'त, चोविसाव्या मजल्यावर, एका फेरीला साधारण दीड तास लागतो म्हणजे बघा. दहा मिनिटांनी आई वळून बघते तर पिशवी गायब! खरं तर पिशवी तिथेच होती, आम्हीच तीन टेबलं पुढे सरकलो होतो. वेटर ती घेऊन आला आणि हसत विचारलं, "तुमी गोंयचीं न्हय?" पिशवीत सुकी सुंगटां, म्हणजे सुकी कोळंबी, होती. वासावरून ओळखलं पठ्ठ्यानं. तो गोव्यातल्याच साष्टीचा निघाला. मग अर्धा वेळ आई आणि तो गावाकडच्या पावसाबद्दल बोलत बसले, आणि क्वीन्स नेकलेसचे, म्हणजे मरीन ड्राइव्हच्या कमानीचे, दिवे आमच्या मागून निघून गेले.

त्या रात्री काय खाल्लं हे मला आठवत नाही. मामालाही आठवत नाही, आणि बिल त्याने भरलं होतं. पुन्हा तिथे आमच्यातलं कुणीच गेलं नाही.

१९६२ साली सिएटलचं स्पेस नीडल उघडलं, आणि पुढे जगभर मोठ्या शहरांना वाटायला लागलं की आपल्याकडेही एक फिरतं असावं. तेव्हा त्यात नवल होतं. आम्ही कौलारू घरातली माणसं, विमानात बसलो नव्हतो, शहर वरून कसं दिसतं हे कळायला दुसरी वाट नव्हती. आज मुंबईत लोक तीसाव्या मजल्यावर कपडे वाळत घालतात. झुआरीचे ड्रोनवाले व्हिडिओ तर रोज सकाळी कुणी ना कुणी मला पाठवतोच.

शिवाय उंचावरून बघण्यात मजा असते ती शहराची, रात्रीच्या दिव्यांची. झुआरीवर रात्री काय दिसणार? काळोख, एखादी बार्ज, लांब मुरगाव बंदराचे दिवे. आणि जून ते सप्टेंबर? पावसात त्या उंचीवर काचेबाहेर नुसता पांढरा पडदा. चार महिने ढगाभोवती प्रदक्षिणा घालायची आणि वर सर्व्हिस चार्ज द्यायचा.

पहिले दोन सीझन रांगा लागतील, मान्य. डिसेंबरात तर पुलावर गाडी उभी करायला जागा मिळायची नाही. प्रश्न तिसऱ्या सीझनचा आहे. पुलाच्या एका टोकाला आगशी. तिथलं चोरीस, म्हणजे गोव्याचं मसालेदार सॉसेज, घ्यायला लोक मडगावहून येतात, परत परत येतात, आणि त्या दुकानांतून नदी धड दिसतसुद्धा नाही. खाली पाण्यात शिणाणे आणि तिसऱ्यो, म्हणजे शिंपल्या, काढणारे आहेत, त्यांचं त्या १२५ मीटरच्या सावलीत काय होणार, हे मात्र आमच्या चहावर कुणी विचारत नाही.

काल आईला सगळं सांगितलं. मनोरे, लिफ्ट, गॅलरी, फिरणारी जमीन. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आनी थंय फिश थाळी कितल्याक?"