वाकडी नळी आणि दुखरं डोकं

पाण्यात तोंड घालून श्वास घ्यायला लागते ती एक वाकडी नळी, म्हणजे स्नॉर्कल, विकत घ्यायची, एवढंच काम होतं. पण शनिवारी संध्याकाळी पणजीत पार्किंग शोधता शोधता अर्धा उत्साह संपला आणि उरलेला घेऊन दुकानात शिरलो तर काउंटरवरच्या पोराने स्नॉर्कल म्हटल्याबरोबर साडीच्या दुकानात मांडतात तसा अख्खा माल समोर मांडला. सर हा ड्राय टॉप, ह्यात पाणी शिरतच नाही. सर हा सेमी ड्राय, ह्यात थोडंच शिरतं. सर ह्याला खाली पर्ज व्हॉल्व्ह आहे, शिरलंच तर नुसती फुंकर मारायची, बाहेर. आणि हा बघा, घड्या घड्यांचा, कसाही वाकतो.

मी म्हटलं, "साधी नळी आहे का, जिला काहीच नाही?"

"काहीच नाही म्हंजे?"

"म्हंजे वर भोक, खाली तोंडात धरायचं रबर, बास."

"असली आता कोण घेत नाही सर," असं म्हणून तो स्टुलावर चढला आणि सगळ्यात वरच्या फळीवरून धूळ झटकत एक काळी नळी काढली. किंमत बाकीच्यांच्या पाव. त्याचा चेहराच पडला बिचाऱ्याचा.

आता तुम्ही विचाराल की जिच्यात पाणी शिरत नाही ती सोडून पाणी शिरणारी कशाला घ्यायची, आमच्या घरीही हाच प्रश्न विचारला गेला, आणि तोही पाहुण्यांसमोर. तर कारण असं की मी फ्रीडायव्हिंग शिकतोय. म्हणजे सिलिंडर वगैरे काही नाही, पाण्यावर पालथं पडून शांतपणे श्वास घ्यायचा, शेवटी एक मोठा श्वास भरायचा आणि बुडी मारायची. आणि बुडी मारायच्या आधी स्नॉर्कल तोंडातून काढायचा. हा पहिला नियम. खाली तो तोंडात काही कामाचा नसतो, उलट माणूस खाली किंवा वर येता येता बेशुद्ध पडला तर ती नळी पाण्याला थेट घशापर्यंतचा रस्ता. शिवाय वर आल्यावर शरीराला पहिल्यांदा हवा हवी असते आणि नळी तोंडात असेल तर आधी फुंकून पाणी काढायचं, मग श्वास. म्हणजे खिशात दमडी नसताना आधी वर्गणी भरा. तेव्हा जी वस्तू बुडीच्या वेळी तोंडात नसणारच आहे तिच्यात पाणी शिरू नये म्हणून चौपट पैसे कशाला?

बरं ती ड्राय टॉपची करामत वरवर छान वाटते. टोकाला एक तरंगता तुकडा असतो, पाणी आलं की तो उचलला जातो आणि भोक बंद. पण ग्रँड आयलंडच्या उघड्या बाजूला जरा लाटा असल्या की श्वास निम्म्यावर असताना ते टप्पकन बंद होतं, तुम्ही ओढताय आणि येत काहीच नाही, छाती धडधडायला लागते, आणि फ्रीडायव्हिंगचं सगळं शास्त्र छाती धडधडू नये ह्यावरच उभं आहे. पुन्हा तो वरचा फुगीर डबा पाण्याला अडतो, डोळे-नाक झाकणारा मास्क एका बाजूला ओढतो. पर्ज व्हॉल्व्हमध्ये वाळूचा एक कण अडकला की गळती चालू. घड्यांच्या नळीत पाणी साचून दर श्वासाला घुळघुळ. अर्थात पुण्याहून आलेल्या मावशींना नुसतं वर तरंगत मासे दाखवायचे असतील तर ड्राय टॉपच घ्या. त्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं तर दिवाळीपर्यंत ऐकून घ्यावं लागेल.

नळीचा निकाल असा लागला. मग सुरू झालं डोकं.

बोटीवरून उतरलो की डोकं दुखायचं. दर वेळी नाही, पण बऱ्याचदा, आणि रविवारी दुपारी विसवणाचं तिखलं समोर असताना माणूस कपाळ धरून बसला की घरात चौकशी आयोग बसतो. सासूबाई म्हणाल्या पित्त, उपाशीपोटी जाता ना, आणि उठून सहाणेवर सुंठ उगाळायला लागल्या. सासऱ्यांनी चष्म्याचा नंबर काढला. शेजारच्या नाईक काकू जिन्यातूनच म्हणाल्या, कानात वारं गेलंय, कापूस घाला. बायको काहीच बोलली नाही. तिचं मत कोर्सची फी भरली त्या दिवशीच देऊन झालं होतं. ऑफिसातल्या एकाने तर गेल्या खेपेला पाण्यात उतरायच्या आधीच बाम चोळून घेतला होता, म्हणजे दुखायच्या आतच इलाज, आणि वर मास्क लावला. मास्कच्या आत हवा जाईल कुठे? दोन मिनिटांत डोळ्यांतून धारा, त्या बामाच्या वाफेत तो बोटीला धरून "काढा रे काढा" करत होता. बोटवाला वरून वाकून विचारतोय, "कितें जालें पात्रांव?"

सगळे 'का दुखतं' ते सांगत होते. एकट्या आमच्या सरांनी विचारलं, "खंय दुखता?"

आमचे सर म्हणजे मालवणचा पोरगा, माझ्याहून बराच लहान, पण पाण्यात त्याला सर म्हणावंच लागतं. त्याचं म्हणणं, डोकं ही काय एक वस्तू नाही, जागा सांगा. आणि खरं सांगतो, त्या दिवसापासून मला माझ्या डोक्याचा नकाशाच पाठ झाला.

भुवयांच्या वर, सुई टोचल्यासारखं, आणि तेही खाली जाताना? तर ते सायनस. कपाळाच्या आणि गालाच्या हाडांत पोकळ्या असतात, त्यात हवा. 10 मीटरवर दाब वरच्या दुप्पट होतो, तेवढीच हवा निम्म्या जागेत मावायला बघते, आणि सर्दीने नाकाकडचा रस्ता बुजला असेल तर बाहेरून हवा आत येत नाही, मग ते हाड आणि आतलं अस्तर बोंब मारतं. गालाच्या पोकळीत झालं तर वरच्या दाढा दुखतात, मी डेंटिस्टकडे जायच्या तयारीत होतो. ह्यावर इलाज एकच, सर्दी असेल तर घरी बसा. नाकात थेंब घालून जायचा शहाणपणा करू नका, कारण खाली असताना थेंबांचा असर उतरला तर वर येताना हवा अडकते आणि खाली थांबायचं म्हटलं तरी किती थांबणार, श्वास कोंडलेला आहे.

कानशिलं दुखतात? मग जबडा. समुद्र बघून माणूस नकळत रबर असं चावतो की दाखला द्यायला दात उमटावेत. आमच्या जुन्या स्नॉर्कलचं तोंड कडक प्लॅस्टिकचं होतं, त्याच्या दातांत धरायच्या दोन गुटळ्या मी चघळून चघळून सपाट केल्या होत्या. म्हणून नवीन घेताना मऊ सिलिकॉनचंच घ्यायचं, आणि ओठांनी धरायचं, दातांनी नुसतं टेकवायचं.

मानेच्या मागून वर चढतं? पालथं तरंगताना तुम्ही पुढे बघताय. पुढे बघायचं काही नसतं. गोव्याचं पाणी, मांडवी-जुवारीचा गाळ, चांगल्या दिवशी चार-पाच मीटर दिसलं तरी लोक फोटो टाकतात. सरळ खाली बघा.

डोक्याभोवती गोल दुखतं, बरोबर मास्कच्या पट्ट्याच्या रेषेवर? हे माझं दुखणं, आणि त्याचं मूळ मिशी. मास्कची कड कातडीला चिकटली तर पाणी आत येत नाही, आणि मिशी मध्ये आली की हमखास येतं. मग काय करतो माणूस, पट्टा आवळतो. आणखी येतं, आणखी आवळतो. पट्टा आवळून मिशी काही पातळ होत नाही, नुसती कवटी आखडते. मास्क बघून घ्यायची खरी रीत अशी की पट्टा न लावता तो तोंडावर टेकवायचा, नाकाने जरासा श्वास ओढायचा आणि हात सोडायचे. चिकटून राहिला तर तुमचा. हे मी त्याच दुकानात करून दाखवलं. दोन्ही हात सोडून, तोंडावर मास्क, श्वास ओढलेला, स्तब्ध उभा, आणि एक बाई मुलाला घेऊन दुसऱ्या रांगेत गेल्या. मिशीची नाकाखालची वरची पट्टी तेवढी तासायची, असा तोडगा निघाला. बायको म्हणाली, अख्खीच काढ, लग्नाआधीपासून सांगतेय.

मग राहिलं ते सगळीकडून ठणकणारं, संध्याकाळपर्यंत न उतरणारं, आणि इथे आमची नळी आरोपीच्या पिंजऱ्यात येते. हिशोब बघा, गोव्यात मिलिलीटर कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. आरामात घेतलेला एक श्वास साधारण 500 मिली. त्यातले 150 श्वासनळीतच पडून राहतात, फुफ्फुसाच्या कामाचे नाहीत. वर ही दोन सेंटीमीटर रुंद, चाळीस सेंटीमीटर लांब नळी लावली की आणखी 125 मिली आपलीच मघाशी सोडलेली शिळी हवा परत आत. म्हणजे ताजा माल उरला 225. घाईघाईने उथळ श्वास घेतला तर तोही नाही, कार्बन डायऑक्साइड साचत जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि घण पडायला लागतात. त्यात आम्हा हौशी लोकांची सवय अशी की वर आलो, दोन श्वास घेतले, आणि परत खाली, कारण बोटवाला दीड तासच थांबणार. सरांचा नियम आहे, जेवढा वेळ खाली होतात त्याच्या निदान दुप्पट वेळ वर, नळी नको वाटली तर उताणं पडून, सावकाश. आणि भराभर श्वास फुंकून कार्बन डायऑक्साइड आधीच घालवून टाकतो म्हणणाऱ्या हुशार माणसाला तर पाण्यातच उतरू द्यायचं नाही. श्वास घे असं शरीराला सांगतो तोच वायू. तो घालवला की ओरडणाराच घालवला, ऑक्सिजन संपला तरी कळत नाही आणि माणूस गुपचूप बेशुद्ध होतो. म्हणून एक खाली, एक वर बघत, एकट्याने कधीच नाही.

ह्या हिशोबावरून आठवलं, लहानपणी पेडण्याला आम्ही पपईच्या पानाचा पोकळ देठ तोंडात धरून तळ्यात तळाशी बसायचा प्रयत्न करायचो. देठ लांब, पाणी कमरेइतकं, पण खाली बसलं की छाती फुगायचीच नाही. तेव्हा वाटायचं पपईत दोष आहे. दोष पाण्याच्या वजनाचा, मीटरभर खालीसुद्धा छातीवर ते असं बसतं की स्नायूंना वरची हवा ओढवत नाही. बाजारात मीटरभर लांब स्नॉर्कल मिळत नाही ते ह्याच्यामुळे.

एवढं सगळं करूनही एका रविवारी दुखलंच. नकाशा काढला, एकेक जागा तपासली, काही जुळेना. शेवटी सर म्हणाले, सकाळपासून पाणी किती प्यालात? एक घोट. कारण बोटीवर संडास नाही आणि समुद्रात उतरलं की लघवी हमखास लागते, सगळ्यांनाच लागते, पाण्याच्या दाबाने हातापायातलं रक्त छातीकडे ढकललं जातं, हृदयाला वाटतं रक्त जास्त झालंय, ते मूत्रपिंडाला सांगतं काढ बाहेर. म्हणजे बाहेर जातं भरपूर, आत येत नाही काही, वरून एप्रिलचं ऊन. आणि चहा? चहा घेतला नव्हता, कारण चहाने नाडी वाढते असं सरांनीच सांगितलेलं. आदल्या दिवशी चारचा चहा, तो शेवटचा. रोज चार कप पिणाऱ्या माणसाचा चहा एकदम तोडला की दुसऱ्या दिवशी त्याचं डोकं दुखणार हे सांगायला समुद्रात कशाला जायला हवं, आमच्या सासूबाई एकादशीलाही चहा सोडत नाहीत त्या उगाच नाही. आता तडजोड झालीय, पहाटे अर्धा कप चहा, वर तांब्याभर पाणी, आणि बोटीवर कोकम सरबताची बाटली.

परवा वरच्या मजल्यावरचे कामत आले, मुंबईहून त्यांचा मेहुणा येतोय, त्याला डायव्हिंग करायचंय, स्नॉर्कल कुठला घेऊ. मी त्यांना बसवलं. दोन सेंटीमीटर, चाळीस सेंटीमीटर, मिशी, दाढा, सगळं सांगितलं, आणि मुद्दाम बजावलं की ते अख्खं तोंड झाकणारं फुल फेस मास्क असतं ते खाली जायला बिलकुल चालत नाही, त्यात कानातला दाब बाहेरच्या पाण्याएवढा करायला नाक चिमटीत धरता येत नाही, नळी तोंडातून काढता येत नाही, ते फक्त वर तरंगायला. कामत मान डोलावत होते. बायकोने त्यांच्यासाठी दुसरा चहा ठेवला.

काल जिन्यात भेटले. हातात भलामोठा खोका. फुल फेस.

मी म्हटलं, "अहो कामत, सांगितलं होतं ना?"

"हो हो, लक्षात आहे सगळं," ते म्हणाले, "पण ह्याच्यावर मोबाईल अडकवायला जागा आहे."