आधी गरिबाची पायली, मग व्यापाऱ्याचं पोतं

१५८६ चं पीक बुडालं आणि पुढच्या जानेवारीत एलिझाबेथ राणीच्या सरकारने इंग्लंडभर हुकूम धाडला: कोठारं तपासा. घरात खाणारी तोंडं किती, पेरणीला बी किती, तेवढं ठेवून बाकीचं धान्य आठवडी बाजारात आणायला लावा. बाजारात आधी गरिबाने थोडंथोडं घ्यायचं, व्यापाऱ्याने नंतर. कित्येक गावांत त्यासाठी घंटा असे. ती होईपर्यंत व्यापाऱ्याने पोत्याला हात लावायचा नाही. बाजाराच्या वाटेवरच माल गाठणं किंवा चढ्या भावासाठी साठा करणं हे १५५२ पासूनच गुन्हे होते. पेनीच्या पावाची किंमतही ठरलेली. गहू महागला की वजन घटायचं, म्हणजे महागाई बाईला पाव हातात घेताच कळायची.

हे सगळं सुरळीत चाललं असं मुळीच नाही. तपासणी करणारे मॅजिस्ट्रेट स्वतःच जमीनदार. छोटा शेतकरी खंड भरायला सुगीतच पडेल त्या भावाने विकून मोकळा व्हायचा, बडा मात्र वसंतापर्यंत माल दाबून ठेवायचा. (शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला हे वेगळं सांगायला नको.) १५९४ पासून ओळीने चार हंगाम वाईट गेले. न्यूकॅसलमध्ये माणसं रस्त्यावर उपाशी मेली. १५९८ च्या फेब्रुवारीत स्ट्रॅटफर्डमध्ये साठे मोजले, तेव्हा खुद्द शेक्सपिअरच्या नावावर १० क्वार्टर, म्हणजे ८० बुशेल (ही तिकडची धान्याची मापं) माल्ट, बिअरसाठी मोड आणून वाळवलेलं धान्य, निघालं!

तरी मला त्या सरकारचं मोल वाटतं. टंचाईत धान्यावर पहिला हक्क भुकेल्याचा, हे त्याने निदान कागदावर मान्य केलं होतं.

पुढे वारं फिरलं. १७७२ मध्ये साठेबाजीविरुद्धचे ते जुने कायदे इंग्लंडने रद्द केले. आणि १८७६-७८ च्या दुष्काळात आपलं दख्खन होरपळत असताना, धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालायचा नाही, हेच धोरण इंग्रजांनी इथे धरून ठेवलं. दुष्काळ पाहणीसाठी सरकारने पाठवलेले अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा पुरेसा मानला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे याविरुद्ध दाद मागितली. स्वतःच्या देशात तीनशे वर्षांपूर्वी कोठारं उघडायला लावणाऱ्या राज्याला आमच्या लोकांसाठी तेवढंही करावंसं वाटलं नाही, याची मला आजही चीड येते.