बॅट डिकीतच राहिली असती तर

शुक्रवारी रात्री साडेअकराला फोन. "दादा, ह्यांना पोलीस घेऊन गेले. बेड्या घालून." पुढे नुसतं रडणं.

दोन वर्षं झाली याला. ज्याच्यावर बेतली त्याला विचारून लिहितोय, नावगाव विचारू नका. राज्य मात्र सांगतो, कॅलिफोर्निया. अमेरिकेत राज्य बदललं की नियम बदलतो, त्यामुळे न्यूयॉर्क-टेक्सासवाल्यांनी यातलं सगळं जसंच्या तसं आपल्याला लागू धरू नये.

झालं काय होतं? क्रिकेटची मॅच आटपून येताना पार्किंगवरून वाद. समोरचा अंगावर येतोय असं वाटलं म्हणून यानं डिकीतून बॅट काढली आणि उगारली. मारली नाही. कुणाला खरचटलंही नाही. आपल्या हिशोबात ही बाचाबाची. तिथल्या कायद्यात याला 'असॉल्ट विथ अ डेडली वेपन' म्हणतात, आणि तो फेलनी म्हणून लावता येतो. फेलनी म्हणजे ढोबळमानाने ज्याला वर्षाहून जास्त तुरुंगवास होऊ शकतो असा गुन्हा. "अहो, पण हात तरी लावला का त्यानं?" हे त्या रात्री मी चार जणांकडून ऐकलं. असॉल्टला हात लागावा लागत नाही. लागला की ती 'बॅटरी', तो वेगळा गुन्हा.

पण बॅटीनं जेवढं नुकसान केलं नाही तेवढं त्याच्या तोंडानं केलं, आणि ही पोस्ट त्यासाठीच आहे.

आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की खरं बोल, नीट समजावून सांग, समोरचा माणूसच आहे, ऐकेल. त्यात हा सॉफ्टवेअरवाला. त्याला वाटलं कुठेतरी गैरसमज झालाय, मूळ कारण समजावलं की तक्रारीचं तिकीट बंद. डिटेक्टिव्हनं गप्प राहण्याचे, वकील मागण्याचे हक्क वाचून दाखवले, यानं मान डोलावली आणि दीड तास बोलला. "फार सभ्य होते हो, पाणी दिलं, इंडियातल्या क्रिकेटबद्दल विचारलं." त्या दीड तासातलं एक वाक्य पुढे प्रत्येक कागदावर आलं: "हो, बॅट मीच काढली, पण फक्त घाबरवायला." स्वसंरक्षणाचा मुद्दा त्यानं स्वतःच्या तोंडानं पातळ करून टाकला होता.

तर पहिली गोष्ट. पडद्यावर बेड्या घालताघालता हक्क वाचतात, तसं प्रत्यक्षात होईलच असं नाही. हक्क वाचून दाखवण्याचा हा नियम सुप्रीम कोर्टाच्या १९६६च्या मिरांडा निकालातला, आणि तो ताब्यात असताना होणाऱ्या चौकशीचा आहे. गाडीत बसवताना कुणी काही वाचलं नाही म्हणून केस उडत नाही, आणि गाडीत तुम्ही आपणहून जे बरळता ते वापरलं जातंच. दुसरी, नुसतं गप्प बसणं पुरत नाही. २०१०च्या एका निकालात माणूस जवळजवळ तीन तास गप्प होता, शेवटी एका प्रश्नाला "येस" म्हणाला, आणि ते उत्तर त्याच्याविरुद्ध धरलं गेलं, कारण "मला गप्प राहायचंय" असं तो कधी म्हणालाच नव्हता. "मेबी आय शुड टॉक टू अ लॉयर" हेही चालत नाही. १९९४मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ही स्पष्ट मागणी नव्हे. आपल्या भिडस्त इंग्रजीत 'मेबी' आणि 'आय थिंक' शिवाय वाक्य सुरू होत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. वाक्य एवढंच: "आय वाँट अ लॉयर. आय विल नॉट आन्सर क्वेश्चन्स." नाव-पत्ता सांगा, अंगावर धावू नका, हिसका देऊ नका, आणि नंतर मौन. पोलीस चौकशीत खोटंही बोलू शकतात, "व्हिडिओत सगळं दिसतंय" असं सांगून. त्याला १९६९पासून कोर्टाची हरकत नाही. फोनचा पासकोड मागितला तर देऊ नका. २०१४च्या निकालानुसार अटक झालेल्याचा फोन चाळायलाही सहसा वॉरंट लागतं.

मग बुकिंग, म्हणजे जेलमधली नोंदणी. ठसे, फोटो, खिशातल्या वस्तूंची यादी, पट्टा आणि बुटांच्या नाड्या काढून घेणं. गंभीर गुन्ह्यात गालाच्या आतून डीएनएही घेतात. यात मारहाण वगैरे काही नव्हती, पण कंटाळा आणि थंडी प्रचंड. तो म्हणतो, घड्याळ नसणं सगळ्यात वाईट. कॅलिफोर्नियात अटकेनंतर तीन तासांच्या आत तीन फोन करता येतात, लहान मूल सांभाळणारा पालक असेल तर मुलाची सोय लावायला आणखी दोन. यात गंमत अशी की आता कुणाला कुणाचा नंबर पाठ नसतो. फोन जप्त, नंबर फोनमध्ये. बायकोचा आठवला म्हणून मला कळलं.

शुक्रवारची अटक वाईट. कोर्टापुढे ४८ तासांत उभं करायचं असतं खरं, पण कॅलिफोर्नियात त्यात रविवार आणि सुट्ट्या धरत नाहीत, आणि ४८ तास कोर्ट बंद असताना संपले तर पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत जातं. म्हणजे सोमवार, कदाचित मंगळवार. मग जामीन. प्रत्येक काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, गुन्हावार दरपत्रकासारखा तक्ता असतो, याच्या वाट्याला तीस हजार डॉलर आले. सगळी रक्कम भरली आणि माणूस तारखांना हजर राहिला तर केस संपल्यावर परत मिळते. नाही तर बाँडवाला, म्हणजे पैसे घेऊन जामिनाची हमी देणारा. तो साधारण दहा टक्के घेतो, म्हणजे तीन हजार, आणि ते गेले ते गेलेच, उद्या गुन्हा दाखल झाला नाही तरी. वकील म्हणाली, सोमवारपर्यंत थांबा, नोकरी आहे, मागचं रेकॉर्ड साफ आहे, न्यायाधीश विनापैसेही सोडतील. घरच्यांना थांबवेना. शनिवारी संध्याकाळी भरले. शहाणपणाचं नव्हतं. पण पुन्हा वेळ आली तर मीही भरेन.

वकिलावरून एक घोळ सांगायलाच हवा. 'पब्लिक डिफेंडर' म्हटल्यावर काका, म्हणजे त्याचे वडील, उखडले. "सरकारी वकील? तो तर आपल्याविरुद्ध असतो!" मराठीत सरकारी वकील म्हणजे फिर्यादी पक्षाचा, ते बरोबरच. पब्लिक डिफेंडर पगार सरकारचा घेतो आणि लढतो आरोपीसाठी. फ्लोरिडाच्या क्लेरन्स गिडियननं तुरुंगातून पेन्सिलीनं अर्ज लिहिला, १९६३मध्ये तो जिंकला, आणि तेव्हापासून फेलनीच्या आरोपीला ऐपत नसेल तर वकील द्यावाच लागतो. ते फुकट म्हणून सुमार हा आपला गैरसमज. रोज त्याच कोर्टात उभे राहणारे लोक असतात ते.

कोर्टात पहिल्या दिवशी 'नॉट गिल्टी' म्हणायचं असतं. इथेही काका अडले. "बॅट काढली होती ना? मग खोटं कसं बोलायचं?" मला हसू आलं नाही, कारण प्रश्न प्रामाणिक होता. 'नॉट गिल्टी' म्हणजे "मी काहीच केलं नाही" असं नव्हे, "तुम्ही सिद्ध करा" असं. आणि पुढची वाट खटल्याकडे क्वचितच जाते. राज्यांच्या कोर्टांत शिक्षा होणाऱ्यांपैकी ९४ टक्के गुन्हा कबूल केलेले असतात, फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टांत ९७, हे आकडे सुप्रीम कोर्टानंच २०१२च्या निकालात दिलेत.

कोर्टातल्या या कबुलीवर आपण जिवाचं रान करावं ते याचसाठी. व्हिसा किंवा ग्रीन कार्डवर असलेल्याला "काही नाही, प्रोबेशनवर सुटशील" (तुरुंगाऐवजी देखरेख) ही फिर्यादी पक्षाची गोड ऑफर देशाबाहेर काढू शकते. होजे पाडिया चाळीसहून अधिक वर्षं कायदेशीर राहिलेला, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेसाठी लढलेला माणूस. वकील म्हणाला काळजी नको, यानं कबुली दिली आणि हद्दपारीची तलवार डोक्यावर आली. २०१०मध्ये कोर्टानं ठरवलं की असा धोका सांगणं फौजदारी वकिलाचं कामच आहे. हिंसेच्या गुन्ह्यात एक वर्षाची शिक्षा, मग ती स्थगित का असेना, इमिग्रेशनच्या कायद्यात 'अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी' होते, म्हणजे हद्दपारीचं कारण. म्हणून तर कॅलिफोर्नियानं २०१५पासून किरकोळ गुन्ह्याची कमाल शिक्षा ३६५ऐवजी ३६४ दिवस केली. एका दिवसावर माणसाचं घर तरतं. फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशनचा वकील पहिल्याच आठवड्यात गाठा. भारतीय वकिलातीला आपोआप कळवत नाहीत, तुम्ही मागणी करावी लागते. ती सोडवून आणत नाही, पण घरी निरोप पोचवते.

आणि घरगुती भांडणात ९११, म्हणजे पोलिसांचा नंबर, लावणाऱ्यांसाठी. पोलीस येऊन नवऱ्याला चार शब्द सुनावतील आणि जातील, असं वाटत असेल तर तसं होईलच असं नाही. अनेकदा कुणाला तरी नेतात, आणि नंतर "मला तक्रार मागे घ्यायचीय" म्हणून उपयोग नसतो. केस राज्याची असते, चालवायची की नाही हे सरकारी वकील, म्हणजे डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी ठरवतो. वर कोर्ट मनाई हुकूम काढतं आणि नवऱ्याला स्वतःच्याच घरी यायची बंदी होते. खरोखर मार खाणाऱ्या बाईनं फोन करावा, शंभरदा करावा. नवऱ्याला धाक दाखवायला म्हणून फोन करू नये.

याची केस सात महिन्यांनी किरकोळ गुन्ह्यावर आली. तरी आता प्रत्येक व्हिसा अर्जात "अटक झाली होती का?" पुढे "हो" लिहावं लागतं. ते कायमचं.

शनिवारी दुपारी जेलमधून त्याचा फोन आला तेव्हा काकांनी घेतला. आधी रेकॉर्डिंग वाजतं, कॉल ध्वनिमुद्रित होतोय म्हणून. काकांना ते कळलं नसावं. पहिलंच वाक्य, "अरे, पण तू बॅट काढलीसच कशाला?" मी धावत जाऊन स्पीकरपाशी ओरडलो, "काका, केसबद्दल काही नको." ते माझ्याकडे बघत राहिले. "मग काय बोलू?"

मग म्हणाले, "जेवलास का?"

"ब्रेड होता."

"बरं."

त्यानंतर दोघंही बोलले नाहीत. वेळ संपल्याची सूचना येईपर्यंत कुणी फोनही ठेवला नाही.